चाळीस मिलीमीटर

कॉलेजात त्यांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी कुणी वापरलं नसतं. सगळे त्यांना मिलीमीटरकाका म्हणत. घरं आतून कशी मांडावीत, कशी सजवावीत हे शिकवणारं ते कॉलेज, आणि तिथल्या तळमजल्यावरच्या वर्कशॉपचा सगळा कारभार या एका माणसाकडे. करवती, रंधे, ड्रिल, प्लायवूडचे तुकडे, गोंदाचे डबे, आणि कानावर कायम खोचलेली पेन्सिल. तीस वर्षं झाली. वरच्या मजल्यावर पोरंपोरी कागदावर महाल बांधायची, आणि ते महाल खाली काकांकडे आले की पहिला प्रश्न ठरलेला.

"माप कुणी घेतलं?"

"मीच घेतलं, काका."

"मीच म्हणजे कुणी? तू की तुझ्या मोबाइलनं?"

एखादा शहाणा म्हणायचा, "दोन मिलीमीटरनं काय होतंय, काका?" मग झालं! हातातलं काम बाजूला ठेवून काका त्याला एक न उघडणारा ड्रॉवर उघडायला लावायचे. नमुना म्हणून खास ठेवला होता तो. पोरगा ओढून ओढून लाल व्हायचा आणि काका शांतपणे सांगायचे, "दोन मिलीमीटर. टेपला खोटं बोलता येत नाही, बाळा. ती सोय फक्त माणसांना आहे."

हे वाक्य त्यांनी तीस वर्षांत हजारदा ऐकवलं असेल. शेवटी ते त्यांच्याच अंगाशी आलं, ते कसं, तेच सांगायचंय.

काका राहायचे तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बायको जाऊन तीन वर्षं झालेली. मुलगी लग्न करून लांब गेली, इतकी लांब की इथे दुपार असली की तिकडे पहाट. दर रविवारी तिचा फोन. "बाबा, गोळ्या घेतल्यात? बाबा, जेवलात?" दोन्ही प्रश्नांना "हो" म्हटलं की तिसरा प्रश्न सुचेपर्यंत दोन्हीकडे शांतता, मग मागून जावयाची हाक यायची आणि फोन संपायचा. मुलगी वाईट नव्हती हो. पण फोनवरून तिला तरी काय दिसणार? घरात सहा खुर्च्यांचं जेवायचं टेबल होतं, काकांनी स्वतःच्या हातानं केलेलं, आणि काका जेवायचे स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभ्यानं. ताट एकच, वाटी एकच, धुवायला सोपं. कामावर निघताना रेडिओ चालू ठेवून जायचे, म्हणजे परत आल्यावर घरात कुणीतरी बोलत असायचं.

आणखी एक सवय होती, ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. संध्याकाळी जिना चढून आले की ते आधी स्वतःच्याच घराची बेल वाजवायचे. बत्तीस वर्षांची सवय, बोट आपोआप जायचं. बेल वाजायची, आत रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत असायचं, काका क्षणभर उभे राहायचे, आणि मग खिशातून किल्ली काढायचे.

तोंडानं काही मागायचं हा प्रकार त्यांच्या रक्तातच नव्हता. बायको म्हणायची, "तुमचं काय, तहान लागली तरी पाणी मागणार नाही. रिकाम्या पेल्याकडे बघत बसाल, आणि मी ओळखायचं!" तिनं ओळखलंही जन्मभर. पण ओळखणारं माणूस गेलं की अशा माणसाचे हाल कुत्रा खात नाही.

त्या वर्षी शेवटच्या वर्गाला प्रोजेक्ट होतं, 'एकट्या माणसाचं घर आणि त्याच्या दाराबाहेरची सामाईक जागा'. खऱ्या माणसाचं खरं घर घ्यायचं, त्याचं राहणं समजून घ्यायचं, आणि प्रत्येकानं एक वस्तू खरीखुरी करून तिथे बसवायची. परीक्षा त्याच घरात. एका गटासाठी जे गृहस्थ ठरले होते ते ऐन वेळी मागे फिरले, आणि वर्गाच्या मॅडम खाली वर्कशॉपमध्ये आल्या.

"काका, तुमचं घर देता का?"

"माझ्या घरात काय बघायचंय? चार भिंती आहेत, त्या सरळ आहेत. संपलं."

"तेवढंच पुरे आहे आम्हाला."

काकांनी आढेवेढे घेतले, डोकं खाजवलं, बघतो म्हणाले. आणि संध्याकाळी घरी जाऊन पंखे पुसले, खिडक्यांच्या जाळ्या धुतल्या, आणि बाजारातून एकसारखे पाच कप घेऊन आले. घरात कप नव्हते असं नाही. पण एकसारखे पाच नव्हते.

शनिवारी चौघं आली. दोन पोरगे, दोन पोरी. जिन्यातूनच एवढा गलका की समोरच्या दारातली नर्सबाई बाहेर डोकावली. ही बाई दोन वर्षांपूर्वी राहायला आलेली. कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी, आणि काकांशी तिचा आजवरचा सगळा संवाद म्हणजे जिन्यात एक "हं" आणि उलट एक "हं". त्या दिवशी तिनं चार पोरं काकांच्या घरात शिरताना पाहिली, भुवया उंचावल्या आणि दार लावून घेतलं.

पोरांनी घर डोक्यावर घेतलं. टेप सरसर धावायला लागल्या. कुणी खिडकीची उंची घेतंय, कुणी सहा खुर्च्या मोजतंय. वही घेऊन प्रश्न सुरू झाले.

"काका, सकाळी उठल्यावर आधी कुठे जाता?"

"तू कुठे जातोस?"

हशा.

"दिवसात सगळ्यात जास्त वेळ कुठे बसता?"

"बसत नाही. उभा असतो."

"घरी कोण कोण येतं तुमच्या?"

"येतात की बरेच."

"कोण?"

काकांनी विचार केला. "गॅसवाला," ते म्हणाले, आणि पोरं पुन्हा हसली. फक्त एक हसली नाही.

तिचं नाव काकांनी ठेवलं होतं खोडरबर. कारण ती एक रेघ मारायची आणि दोन खोडायची. तिच्या कागदाला खोडून खोडून भोकं पडायची. एक वर्ष नापास झाली होती. हुशारी कमी म्हणून नव्हे, काही केल्या तिला आपलं काम बरोबर आहे असं वाटायचंच नाही, म्हणून काहीच वेळेवर द्यायची नाही. या वेळी प्रोजेक्ट गेलं तर कॉलेजातून नाव कमी होणार, हे सगळ्यांना माहीत होतं. तिलाही, आणि काकांनाही. वाटण्या झाल्या तेव्हा स्वयंपाकघर एकानं घेतलं, बैठक दुसऱ्यानं, झोपायची खोली तिसरीनं, आणि दाराबाहेरची जागा कुणालाच नको होती म्हणून ती हिच्या गळ्यात पडली.

चार शनिवार ती पोरं येत राहिली. काका गुरुवारपासून बिस्किटं आणून ठेवायचे. पोरं टेबलावर कागद पसरायची, सहाच्या सहा खुर्च्या भरायच्या, दोनांवर माणसं आणि चारांवर दप्तरं बसायची, कारण ही मंडळी अर्धा वेळ जमिनीवरच. कपांचे गोल डाग पडले टेबलावर. एरवी अशा डागासाठी काकांनी घर डोक्यावर घेतलं असतं, आता रविवारी पुसायचं सोडून ते नुसते बघत बसले.

चौथ्या शनिवारी दप्तर आवरता आवरता एक पोरगा म्हणाला, "झालं, काका. आता नाही त्रास देणार तुम्हाला."

"त्रास कसला," काका म्हणाले. पुढचं वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. या की पुढच्या शनिवारीही, एवढंच. गिळलं त्यांनी. रिकामा पेला, दुसरं काय!

तिघं उतरून गेली. खोडरबर मागे राहिली. तिचं एकच माप उरलं होतं.

काकांचं दार आणि नर्सबाईचं दार यांना जोडणारी बाजूची भिंत मधे थोडी आत गेलेली होती, एक मोठासा कोनाडाच. पूर्वी तिथे काहीबाही कपाट असावं, आता नुसती धूळ. तिथे खोडरबरला बाक करायचा होता. दोन भिंतींच्या मधे घट्ट बसणारा, खाली पाय नसलेला लाकडी बाक. चार शनिवार तिनं जिन्यात उभं राहून काय पाहिलं, तर इथली माणसं वर येतात, पिशवी जमिनीवर टेकवतात, वाकून किल्ली शोधतात आणि आत जातात. मधे क्षणभरही टेकत नाहीत. "टेकायला जागा असेल तर टेकतील ना, काका?" तिनं विचारलं होतं. काका म्हणाले होते, बघ बाई, तुझं तू.

ती टेपचं शून्याचं टोक धरून एका भिंतीशी वाकली. दुसऱ्या भिंतीशी काका, आकडा वाचायला. आकडा समोर होता. अकराशे शहाऐंशी. लख्ख.

काकांना जिन्यातून खाली जाणाऱ्या पोरांचे आवाज ऐकू येत होते. आवाज कमी कमी होत गेले, मग खालचं दार आपटलं.

"किती, काका?"

"बाराशे सव्वीस," काका म्हणाले.

असे बघू नका. चूक त्यांनाही कळत होती. पण हिशेब असा होता. दोन दारांमधली एकूण लांबी पोरांनी पहिल्याच दिवशी घेतलेली. बाजूच्या भिंतींचे तुकडेही घेतलेले. ही पोरगी रात्री वही उघडून बेरीज करील, चाळीस मिलीमीटर जास्त भरतील, आणि ती शनिवारी परत मापाला येईल. शिकवलेलंच होतं तसं. जुळलं नाही तर पुन्हा जागेवर जा, हे काकांनीच सांगितलेलं. म्हणजे खोटं कसलं? नुसता एक शनिवार जास्तीचा. म्हणून तर एवढा मोठा आकडा चुकवला, चटकन सापडावा म्हणून.

शनिवारी बिस्किटं आणली. कुणी आलं नाही. जिन्यात पाय वाजले की काका रेडिओ बारीक करायचे. पाय वरच्या मजल्यावर निघून जायचे. संध्याकाळी त्यांनी एकट्यानं दोन बिस्किटं खाल्ली आणि पुडा डब्यात ठेवला.

सोमवारी कॉलेजात त्यांनी खडा टाकून पाहिला. "काय गं खोडरबर, मापं जुळली का सगळी?"

"जुळली, काका."

"सगळी?"

"हो."

"एकदा जागेवर येऊन बघून गेलेलं बरं असतं."

"तुम्ही माप घेतलंय, काका," ती म्हणाली. "अजून काय बघायचं?"

 असं होईल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांचा बारका खोटेपणा पकडायला सगळं कॉलेज समर्थ होतं. फक्त तो मिलीमीटरकाकांच्या तोंडून आलाय म्हटल्यावर कुणी तिकडे बघणारच नव्हतं.

बुधवारी ती लाकूड घेऊन खाली आली. वर्कशॉप पोरांनी भरलेलं, वीस जणांच्या समोर फळी करवतीखाली ठेवायची वेळ. आता सांगायचं, काकांनी ठरवलं. "थांब जरा, ते माप..." एवढं तोंडातून निघालंही. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, काकांचं माप आहे ते, डोळे मिटून काप!" सगळे हसले. काकांच्या भिंतीवर तो न उघडणारा ड्रॉवर टांगलेला होता. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि मूग गिळून गप्प बसले. फळी कापली गेली. कडेला पट्ट्या लागल्या, खाचा पाडून दोन्ही बाजूंचे आधार जोडले गेले, पॉलिश झालं. कुणीही बघावं असा देखणा बाक झाला तो. पोरीनं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी न खोडता पूर्ण केलं होतं. आता तो नुसता टोकाला कापून चालणार नव्हतं, जोड सगळे टोकालाच होते.

त्या आठ दिवसांत काकांना घास गोड लागला नाही. उद्या सांगू, परवा सांगू. रविवारी मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, आवाज असा का येतोय?" "काही नाही, सर्दी," काका म्हणाले. एकदा खोटं बोललं की पुढची आपोआप सुचतात, हेही त्यांना या वयात कळलं.

परीक्षेचा दिवस उजाडला. घरात मॅडम, बाहेरून बोलावलेले एक म्हातारे आर्किटेक्ट, हातात काठी, आणि चौघं पोरं. आतली तिन्ही कामं झाली. घडीचं टेबल उघडलं, मिटलं. भिंतीवरची फडताळं बसली. पलंगाशी दिवा लागला. म्हातारे प्रत्येक वस्तूला काठीनं टोचून "हूं" म्हणत होते. मग सगळे दाराबाहेर आले.

"यावर दोन माणसं बसतील?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"बसतील, सर," खोडरबर म्हणाली. आवाज स्वच्छ होता तिचा. "एकानं थोडं सरकायला हवं."

दोघा पोरांनी बाक उचलला, कोनाड्याशी नेला. एक टोक आत गेलं. दुसरं भिंतीच्या कडेवर आपटलं. तिरका करून पाहिला. वरून खाली घालून पाहिला. भिंतीचा रंग खरवडला गेला, पॉलिशवर ओरखडा उठला.

"अरे बापरे," एक पोरगा हळूच म्हणाला.

मॅडमचा चेहरा बदलला. "किती फरक आहे?" त्यांनी स्वतः टेप लावली. "चाळीस? चाळीस मिलीमीटर? अगं, पहिल्या वर्षाच्या पोरांकडूनही अशी चूक होत नाही! मापाची वही आण इकडे."

तिनं वही दिली. काका मॅडमच्या खांद्यामागे उभे होते, त्यांना पान दिसलं. तिथे पेन्सिलीनं बारीक अक्षरात बेरीज-वजाबाकी केलेली होती आणि खाली उत्तर, ११८६. बरोबर उत्तर. त्यावर काट मारलेली. शेजारी लिहिलेलं, १२२६. आणि मग बेरीज जुळावी म्हणून बाजूच्या दोन भिंतींचे, तिनं स्वतः घेतलेले आकडे खोडून वीस-वीसनं कमी केलेले.

म्हणजे तिला चाळीसचा फरक त्याच रात्री सापडला होता. तिनं काकांच्या खोट्यासाठी स्वतःचं खरं खोडलं होतं. 

"अकराशे शहाऐंशी बरोबर आलं होतं तुझं," म्हातारे म्हणाले. "का खोडलंस?"

पोरीनं बाकावरच्या ओरखड्यावरून बोट फिरवलं.

"विचारतोय ते सांग."

"मला वाटलं माझंच चुकलं असेल," ती म्हणाली. "नेहमी माझंच चुकतं."

आकडा कुणी दिला हे तिनं सांगितलं नाही. चूक काकांच्या आकड्यात होती हे तिला पक्कं कळलं होतं, बाक भिंतीला अडकला त्याच क्षणी कळलं होतं. तिनं एकदाही काकांकडे मान वळवली नाही. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं आणि गुणांच्या कागदावर वाकल्या.

"माप माझं आहे," काका म्हणाले.

"काय?"

"बाराशे सव्वीस मी सांगितलं. मी वाचत होतो."

"तुम्ही?" मॅडम हसल्याच. "काका, तिला वाचवायला म्हणून काहीही सांगू नका. तुमचं माप चुकेल यावर कोण विश्वास ठेवील?"

"चुकलं नाही, मॅडम. मी खोटं सांगितलं. आकडा दिसत होता मला. मुद्दाम खोटं सांगितलं."

 समोरचं दार किलकिलं झालं होतं, नर्सबाई अर्धवट झोपेतून उठून उभी होती. काकांना तीही दिसली. दिसू दे, आता काय राहिलंय.

"का पण?" मॅडमनी विचारलं. "का, काका?"

काकांनी कानावरची पेन्सिल काढली, हातात घेतली, परत कानावर ठेवली. "जुळलं नाही की परत येतील म्हणून," ते म्हणाले. "तो शेवटचा शनिवार होता. माझ्याकडे कुणी येत नाही, मॅडम. चार शनिवार आले हे लोक. मला 'या' म्हणता आलं नाही, म्हणून मी... फार वाईट केलं मी. तिचं वर्ष जाऊ देऊ नका. तिचं माप बरोबर होतं. बघा ना, ते बरोबर होतं."

साठीला टेकलेला माणूस आपल्याच दारात सगळ्यांसमोर रडायला लागला, आणि कुठे बघावं ते कुणाला कळेना. पोरांनी जमिनीकडे पाहिलं. म्हातारे काठी टेकत बाकाशी गेले आणि एक जोड बोटानं चाचपून पाहिला.

"आठ दिवस द्या तिला," शेवटी ते मॅडमना म्हणाले. आणि पोरीला म्हणाले, "माप तू घ्यायचं. तू वाचायचं. आणि या वेळी रबर घरी ठेवून ये."

बातमी काकांच्या आधी कॉलेजात पोचली. पोरं ती पोरंच, सोमवारी नवं नाव तयार होतं, चाळीसकाका. कुणी तोंडावर म्हणालं नाही, पण वळणावर कानावर पडलं. काकांनी ऐकलं आणि भिंतीवरचा तो ड्रॉवर काढून माळ्यावर ठेवून दिला. मॅडम कामापुरतं बोलत. पोरं फळी कापून झाल्यावर हळूच स्वतःची टेप लावून बघायची. काकांनी मान खाली घालून ते सगळं सोसलं. रविवारी मुलीला मात्र पहिल्यांदाच सगळं सांगितलं.  "बाबा, मला का नाही बोललात कधी?" ती म्हणाली आणि रडली. जावयानं मागून हाक मारली तेव्हा तिनं फोन ठेवला नाही.

शनिवारी खोडरबर आली. एकटीच. चेहरा फुगलेला. "चहा ठेवू का?" काकांनी विचारलं. "आधी काम," ती म्हणाली.

तिनं टेप काढली. काका सवयीनं वाचायच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

"तिथे नाही," ती म्हणाली. "तुम्ही शून्य धरा."

तीस वर्षांत काकांनी शून्य धरलं नव्हतं. ते गुडघ्यावर हात ठेवून वाकले, टेपचं टोक भिंतीला टेकवलं आणि अंगठ्यानं दाबून धरलं. पलीकडे ती वाकली, डोळा बारीक केला.

"अकराशे शहाऐंशी."

"बरोबर," काका म्हणाले.

"तुम्हाला विचारलं नाही," ती म्हणाली, पण ओठाचा एक कोपरा हलला. आकडा तिनं पेनानं लिहिला.

मग चहा झाला. अर्धा कप झाल्यावर ती म्हणाली, "मला सांगायचं ना, काका. मी आले असते."

"कळतंय आता," काका म्हणाले.

नवा बाक कोनाड्यात गेला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. म्हातारे काठी टेकून त्यावर बसून बघून गेले. खोडरबर पास झाली. ती निघाली तेव्हा काका जिन्यापर्यंत गेले, कठडा धरला आणि सगळा जोर लावून म्हणाले, "परत ये गं."

"काय काम आहे?"

"काम काही नाही. नुसती ये."

"येईन, काका," ती म्हणाली. मनापासून म्हणाली. पण पास झालेल्या पोरीला हजार कामं असतात. तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली, एकदा तिचा फोन आला, आवाजात गडबड होती, आनंद होता. शनिवार एक गेला, दोन गेले, पाच गेले. पाच कप फळीवर पालथे पडून होते.

एका संध्याकाळी काका जिना चढून आले. बोट बेलवर गेलं. बेल वाजली. आत रेडिओवर कुणीतरी कांद्याबटाट्याचे भाव सांगत होतं. काकांनी किल्ली काढली, कुलपापर्यंत नेली आणि परत मुठीत घेतली. ते वळले आणि बाकावर बसले, ऐन मधोमध.

थोड्या वेळानं नर्सबाई वर आली. कामावरून आलेली, हातात जड पिशवी. पिशवी टेकवायला ती वाकली, आणि बाकावर माणूस बघून थांबली.

"किल्ली हरवली का?"

"नाही. आहे." काकांनी दाखवली.

"मग बाहेर का बसलात?"

काहीतरी सांगता आलं असतं. पाय दुखतायत म्हणून, उकडतंय म्हणून. काकांनी किल्ली खिशात ठेवली.

"आत कुणी नाही म्हणून," ते म्हणाले.

 पिशवीचा बंद तिनं एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "तुम्ही रोज बेल वाजवता," ती म्हणाली. "दोन वर्षं ऐकतेय मी. आधी वाटायचं, आत कुणीतरी आहे आणि तुम्हाला उशिरा दार उघडतं. मला रागच यायचा त्या माणसाचा."

काकांना हसू आलं.

"बसा ना," ते म्हणाले.

तिनं स्वतःच्या बंद दाराकडे पाहिलं, मग बाकाकडे.

"सरका मग थोडं," ती म्हणाली.